शेतात वैरीण, अंगणात सोयरी

होळी झाली, ज्वारी-गहू घरात आले, की गावात धुळीचे दिवस सुरू होतात. मोकळे रान, सुटलेला वारा आणि घरासमोरचे उघडे अंगण. सकाळी सडा घालावा तर दहा वाजेपर्यंत तो वाळून जातो. ओसरीवर वाळत घातलेल्या पापडांवर माती, पाण्याच्या माठावर माती, पाळण्यातल्या पोराच्या डोळ्यांत माती. मग घरात कोणीतरी म्हणते, "दारापुढे थोडे गवत लावले तर?"

हा विचार हल्ली पुष्कळ घरांत निघतो. मुले शहरात शिकायला जातात, तेथील बंगल्यांपुढचे लॉन पाहून येतात. तालुक्याच्या गावी लग्नाला जावे, तर मंगल कार्यालयाच्या पाटीवरच अमुक 'लॉन्स' असे लिहिलेले असते. लॉन म्हणजे दुसरे काय? बारीक, दाट, सारखे कापलेले गवत. आपल्या मराठीत त्याला हिरवळ म्हणतात. आणि ही हिरवळ ज्या गवताची होते त्यातले सर्वांत काटक, सर्वांत स्वस्त गवत तुमच्याच बांधावर उभे आहे. त्याचे नाव हरळी.

हरळी म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, ते साहजिक आहे. हरळी आणि कुंदा खणता खणता आपल्या आज्या-पणज्यांच्या कमरा वाकल्या. हिच्या पांढऱ्या काशा जमिनीत खोल जातात, वरचे धावते फुटवे पेरापेराला मूळ धरतात, आणि काशीचा बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या पावसाला पुन्हा जाळे होते. पण ज्या गुणामुळे ती शेतात छळते, तोच गुण अंगणात कामी येतो. ती माती घट्ट धरते, पायाखाली तुडवली तरी मरत नाही, उन्हाळ्यात वाळली तरी काशीत जीव राहतो आणि पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होते. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. म्हणजे घरात तिला मान आहेच. प्रश्न एवढाच, की तिला कोठे आणि किती जागा द्यायची, आणि तेथून बाहेर पडू द्यायची नाही ती कशी.

आधी पाण्याचा हिशेब

गवत लावण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा. उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर आठवड्याला साधारण इंचभर पाणी द्यावे लागते. वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद जागेला इंचभर पाणी म्हणजे सुमारे ९४० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साठाच्या वर हंडे, आणि तेही दर आठवड्याला! ज्या घरात बायका डोक्यावरून पाणी आणतात त्या घराने एवढी हिरवळ लावू नये. ती गडीमाणसांच्या हौसेची आणि बायकांच्या मानेची होईल.

मग किती लावावी? दहा फूट बाय बारा फूट पुरे. एवढ्या जागेला आठवड्याला २८० लिटर, म्हणजे दिवसाला ४० लिटर पाणी लागते. चार-पाच माणसांच्या घरात आंघोळीचे आणि भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी मिळून एवढे सहज निघते. मोरीचे पाणी आज दारापुढे चिखल करते, डास वाढवते. तेच एका चरातून किंवा पाइपातून हिरवळीकडे वळवावे. कपडे धुण्याच्या पावडरीचे आणि सोड्याचे पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नये. सोड्याने जमीन चोपण होते, हे खारवट विहिरीच्या पाण्यावर बागायत करणाऱ्याला सांगायला नको.

आणि टंचाईच्या वर्षी? त्या वर्षी हिरवळीला पाणी देऊच नये. २०१६ चा एप्रिल आठवावा. लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागत होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला होता, कारण मैदानांच्या गवताला लागणारे पाणी हाच वादाचा विषय झाला होता. जे मैदानाला लागू, ते अंगणालाही लागू. हरळीची हिरवळ वाळून पिवळी पडली तर पडू द्यावी. त्या दिवसांत तिच्यावर वावर कमी ठेवावा, कापू नये. मृगाला ती परत येते. विकतचे नाजूक गवत असा दुष्काळ सोसेलच असे नाही, म्हणूनही आपल्याकडे हरळी बरी.

जागा कोणती?

सगळे अंगण हिरवे करण्याच्या भरीस पडू नये. शेतकऱ्याच्या अंगणाला कामे फार. तेथे कुरडया-पापड वाळतात, शेंगा पडतात, कडधान्य बडवले जाते, तुळशीपुढे रांगोळी निघते. सारवलेले अंगण सारवलेलेच राहू द्यावे. हिरवळ लावायची ती वाऱ्याच्या बाजूला, जिकडून धूळ घरात येते तिकडे. दुसरी योग्य जागा म्हणजे पागोळ्या पडून माती उखडते तो पट्टा.

हरळीला ऊन हवे. दिवसाचे पाच-सहा तास ऊन नसेल तर ती विरळ होते. आंब्याखाली, चिंचेखाली हिरवळ धरत नाही; तेथे बाज टाकावी, गवत लावू नये.

घर शेतातल्या वस्तीवर असेल आणि अंगण संपताच वावर सुरू होत असेल, तर हरळी लावण्याआधी दोनदा विचार करावा. अशा ठिकाणी रोपवाटिकेतले 'कोरियन' किंवा 'कार्पेट' नावाने मिळणारे गवत बरे. ते फार सावकाश पसरते, त्यामुळे पिकात शिरण्याची धास्ती कमी. मात्र त्याला पैसे लागतात आणि पाण्याची हयगय चालत नाही.

चैत्र-वैशाखात जमीन तापवा

परदेशी पुस्तकांतून वसंत ऋतूत हिरवळ लावावी असे लिहिलेले असते. ते थंड मुलखाचे. तेथे बर्फ वितळून जमीन ओली असते. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, उन्हाचा कडाका. आपल्याकडे या दिवसांत गवत लावायचे नसते, जमीन तयार करायची असते. उन्हाळी नांगरटीचेच शास्त्र येथेही चालते.

जागा आखून घ्यावी. टिकावाने फूटभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत. दगड-गोटे, काचा, जुन्या काशा आणि विशेषतः लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळा हा हिरवळीचा खरा शत्रू. तो वरून उपटला तर दांडी हातात येते आणि नागरमोथ्याची गाठ खाली हसत राहते. पुढे हिरवळीत तो शिरला तर काढता काढता पुरेवाट होते, म्हणून आताच खणून काढावा.

काळी भारी जमीन असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला चिकटते. अशा जागी खाली मुरमाचा थर देऊन वर चार ते सहा इंच पोयट्याची माती टाकावी. हलक्या, मुरमाड जमिनीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. खत कुजलेलेच हवे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, आणि हुमणी उसाची मुळे खाते तशीच गवताचीही खाते.

वैशाख संपता संपता ढेकळे फोडून जागा सपाट करावी. उतार घराकडून बाहेर असावा. दहा फुटाला दोन-तीन इंच पुरतो. गवंड्याची पाणसळ नसेल तर पाणी ओतून पाहावे, ते खरे सांगते. वळवाचा पाऊस पडला की तणाचे पहिले मोड वर येतात. ते खुरपून टाकावेत. असे एकदा-दोनदा केले की निम्मे तण लावणीआधीच संपते.

लावण्याच्या तीन रीती

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, की लावणीला हात घालावा. मुसळधार पावसाचे दिवस तेवढे टाळावेत, नाहीतर माती आणि गवत दोन्ही वाहून जातात.

पहिली रीत ठोंब लावण्याची. हरळीचे मुळासकट फुटवे काढून बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि सहा-सहा इंचांवर टोकावेत. एक पेर मातीत आणि एक वर राहील असे पाहावे. दहा बाय बारा जागेला पाचशेच्या आत-बाहेर ठोंब लागतात. दोघींचे एका सकाळचे काम. खर्च काही नाही. पाऊस चांगला झाला तर दसरा-दिवाळीपर्यंत ठोंब एकमेकांत मिळतात.

दुसरी रीत सारवण येणाऱ्या हाताला फार सोपी. हरळीचे दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत. दोन टोपल्या तुकडे, एक टोपली चाळलेली माती, एक टोपली ताजे शेण आणि फावडेभर चुलीतली राख घेऊन पाण्यात काला करावा. जमीन ओली करून हा काला इंचभर जाडीने सारवून घ्यावा आणि वर मातीचा पातळ थर पसरावा. आपल्या दहा बाय बारा जागेला साधारण अठरा-वीस घमेली काला लागतो. झारीने हलके पाणी देत राहिले की सगळीकडून सारखे कोंब येतात. उताराच्या जागेसाठी ही रीत विशेष चांगली, कारण काला माती धरून ठेवतो.

तिसरी रीत तयार हिरवळीचे ढपले बसवण्याची. विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा पाण्याच्या टाकीभोवती दाट हरळी माजलेली असते. ती जागा आदल्या संध्याकाळी भिजवावी. दुसऱ्या दिवशी दोरी लावून फूट-फूट चौरस आखावे आणि धारदार फावड्याने दोन इंच जाडीचे ढपले मुळांसकट उचलावेत. लव्हाळ्याची तीनधारी दांडी दिसेल तो ढपला बाजूला टाकावा. ढपले त्याच दिवशी बसवावेत. तोवर ओल्या बारदानाखाली सावलीत ठेवावेत.

बसवताना एका कडेने सुरुवात करावी. विटांच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसेच येथेही करावे, म्हणजे पाणी सांध्यांतून धावत नाही. दोन ढपल्यांत फट राहिली तर चाळलेली माती भरावी. उघड्या जमिनीवर उभे न राहता फळी टाकून तिच्यावर बसावे. ओळ झाली की अंगण चोपायच्या चोपण्याने हलके चोपून घ्यावे, म्हणजे मुळे मातीला भिडतात. खाली पोकळी राहिली तर तेवढा ढपला वाळतो. पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल त्या दिवशी पाणी द्यावे. पंधरवड्याने एखाद्या ढपल्याचा कोपरा उचलून पाहावा. तो सहज उचलला गेला नाही, तर मुळांनी जमीन धरली असे समजावे.

ढपले कोठून काढू नयेत, हेही सांगितले पाहिजे. बांधावरचे, कालव्याच्या काठाचे, पाझर तलावाच्या भरावाचे आणि शेतातल्या सांडव्याचे गवत मुळीच उचलू नये. तेथले गवत भराव धरून उभे असते. अंगण हिरवे करण्यासाठी बांध उघडा केला, तर पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्याला लागेल.

रोपवाटिकेतून तयार हिरवळ घ्यायची असेल, तर पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन-सोरतापवाडी भागात रोपवाटिका पुष्कळ आहेत, आणि आता बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणीही त्या असतात. भाव चौरस फुटावर असतो. घेताना ढपला उलटा करून पाहावा. माती ओली आणि मुळे पांढरी असतील तर घ्यावा. कडा पिवळ्या पडलेला, आतून गरम लागणारा ढपला स्वस्त मिळाला तरी नको.

कुंपण आतल्या बाजूला

आता सर्वांत महत्त्वाचे. हिरवळीच्या चारी बाजूंनी नऊ इंच ते फूटभर खोल चर खणून त्यात शहाबादी फरशीचे तुकडे किंवा विटा उभ्या गाडाव्यात. त्यांच्या बाहेर फूटभर पट्टा उघडा ठेवावा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला खुरप्याने साफ करावा. फरशी ओलांडून आलेला धावता फुटवा तेथे दिसतो आणि तेथेच कापता येतो.

कापलेले फुटवे आणि खणलेल्या काशा उकिरड्यावर टाकू नयेत. त्या उकिरड्यात मरत नाहीत. पुढच्या वर्षी खताच्या गाडीतून थेट वावरात जातात आणि आपणच आपल्या हाताने हरळी पेरतो. काशा खडकावर किंवा रस्त्याच्या कडेला कडकडीत वाळवाव्यात आणि मग चुलीत घालाव्यात. हिरवळीत वापरलेला टिकाव-खुरपे शेतात नेण्याआधी झटकून धुवावे. वरचे कापलेले कोवळे गवत मात्र वासराला, शेळीला खुशाल घालावे, ती आवडीने खातात. याच कारणासाठी हिरवळीवर विषारी औषध फवारू नये.

जुनी हिरवळ असेल तर चैत्रातली कामे

ज्यांच्या दारी हिरवळ आहे, त्यांनी उन्हाळा तोंडावर आला की एवढे करावे.

दाताळ्याने वाळलेले गवत ओढून काढावे. खाली वाळक्या पात्यांचा गादीसारखा थर साचतो आणि दिलेले पाणी मुळांपर्यंत जात नाही.

पायवाटेने जमीन घट्ट झाली असेल तेथे लोखंडी सळईने किंवा पहारीने चार-चार इंच खोल भोके पाडावीत.

चाळलेले कुजके खत आणि माती मिसळून अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्यावा. दहा बाय बारा जागेला चार घमेली पुरतात. खराट्याने ते पात्यांखाली सारावे.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा पाच-सहा दिवसांनी पोटभर आणि पहाटे द्यावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी गवत माना टाकते. मोरीचे पाणी रोज येत असेल तर जागेचे पाच-सहा वाफे कल्पावेत आणि रोज एका वाफ्याला पाणी वळवावे.

एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये. उन्हाळ्यात दोन इंच उंची राहू द्यावी. जमीन झाकलेली राहते. यंत्र नसले तरी धारदार विळ्याने काम होते. एक कड न कापता ठेवली, तर भाद्रपदात दूर्वा आणायला बांधावर जावे लागत नाही.

युरिया द्यायचाच तर पावसाळ्यात द्यावा. एवढ्या जागेला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे. पाती कोरडी असताना फेकून लगेच भरपूर पाणी द्यावे, नाहीतर पाती करपतात.

वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. श्रावण-भाद्रपदात हिरवळीचा एखादा तुकडा पिवळा पडून सतरंजीसारखा वर उचलला जाऊ लागला, तर खाली हुमणीची अळी आहे असे समजून खणून पाहावे.

सापाचे भय

"दारात गवत म्हणजे सापाला आवतण," असे घरातली वडील माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. गुडघाभर वाढलेल्या गवतात साप बसतो आणि दिसत नाही. पण दोन-तीन इंचांच्या गवतात त्याला लपायला जागा नसते. तो उंदरामागे येतो आणि उंदीर येतो सरपणाच्या ढिगात, दगडांच्या राशीत, सांडलेल्या धान्यात. तेव्हा हिरवळीला लागून सरपण रचू नये, बिळे दिसताच बुजवावीत आणि पावसाळ्यात कापणीची टाळाटाळ करू नये. आषाढ-श्रावणात शेताच्या कामांतून आठवड्याला अर्धा तास हिरवळीसाठी निघणार नसेल, तर ती न लावलेलीच बरी. लहान मुले तेथे खेळणार आहेत, हे लक्षात असू द्यावे. रात्री अंगणात उतरताना बॅटरी हवीच, गवत असो वा नसो.

यंदा सुरुवात करायची तर

पाडव्यानंतर जागा आखा आणि मोरीचे पाणी कोठून वळेल ते पाहा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खणून ढेकळे तापत ठेवा. वैशाखाअखेर सपाटी करून कडेच्या फरशा गाडा. वळवानंतर तण खुरपा. पेरणीची घाई आवरली, की आर्द्रा नक्षत्रात एखाद्या उघडिपीच्या दिवशी ठोंब टोका किंवा शेणकाला सारवा. नव्या हिरवळीवर पहिले दोन महिने शेळी, करडू आणि कोंबड्या जाऊ देऊ नका, त्या ठोंब उपटून काढतात. एका वर्षी दहा बाय बारा एवढेच करा. पुढचा उन्हाळा तिने आपल्या घरच्या सांडपाण्यावर काढला आणि कडेची फरशी ओलांडली नाही, तर मगच आणखी चार फुटांचा विचार करा.